डिंकमावशींची नरफुलं

आमच्या हर्बेरियममध्ये त्यांना सगळे डिंकमावशी म्हणायचे. हर्बेरियम म्हणजे वाळवलेल्या झाडांचा संग्रह. एक लांबलचक खोली, दोन्ही बाजूंना लोखंडी कपाटं, कपाटांत जाड कागदांचे गठ्ठे आणि प्रत्येक कागदावर चपटं झालेलं एक झाड. ते झाड कागदावर बसवायचं काम मावशींचं. त्यावर कोणी, कुठे, कधी गोळा केलं याचं लेबल टाइप करायचं काम माझं. आमची टेबलं समोरासमोर होती, त्यामुळे तेवीस वर्षं मी त्यांचे हात बघत आलो.

वडील पुस्तकं बांधायचे, म्हणून डिंक कधी पातळ हवा आणि कधी घट्ट, हे त्या घरूनच शिकून आल्या होत्या. लग्न केलं नाही. भाऊ-भावजय अपघातात गेले आणि चार वर्षांची भाची पदरात आली. तिला वाढवण्यात वर्षं कशी गेली ते कळलंच नाही, असं त्या म्हणायच्या. भाची आता नर्स आहे आणि आत्यावर तिची करडी नजर असते.

मावशी झाडांबद्दल कधी काही बोलायच्या नाहीत. मला वाटायचं, त्यांना त्यात रस नसावा.

एके वर्षी एक मुलगी संशोधनासाठी आली. विषय होता करंगळीएवढं, लोकरी पानांचं एक रानफूल. या जातीत नराचं रोप वेगळं, मादीचं वेगळं. पण उत्तरेच्या थंड मुलखात आणि उंच डोंगरांवर जिथे जिथे ते सापडलं होतं, तिथे सगळ्या माद्याच. पराग नाही, काही नाही, तरी बी धरतं आणि त्या बीतून अगदी आईसारखीच रोपं उगवतात.

चहाच्या वेळी तिनं हे सांगितलं तेव्हा मी म्हणालो, "बरं आहे की. फॉर्ममधला वडिलांच्या नावाचा रकाना वाचला." सगळे हसले. मावशी हसल्या नाहीत. माझी जीभ जरा सैल सुटते, हे मला त्यांच्या आईबाप गेलेल्या भाचीची आठवण झाल्यावर कळलं.

मावशींनी मुलीला विचारलं, "सगळ्या अगदी एकसारख्या? मग एकीला कीड लागली तर बाकीच्यांचं काय?"

मुलीनं कप खाली ठेवला. "तोच तर प्रश्न आहे मावशी. नर-मादी असतील तर प्रत्येक रोप थोडं वेगळं होतं, वाईट दिवसांत कुणीतरी तगतं. यांना तो आधार नाही. पण एक फायदा आहे. पूर्वी तिकडे सगळा बर्फ होता. तो वितळला, जमीन मोकळी झाली. तिथे वाऱ्यानं एक बी जरी नेऊन टाकलं तरी पुरे. जोडीदाराची वाट बघायला नको. म्हणून लांब लांब याच पोचल्या."

"आणि आधीची वस्ती? नरांची?"

"असली तर दक्षिणेकडे, जिथे बर्फ कधी पोचलाच नाही अशा एखाद्या कोपऱ्यात. ती सापडली तर या माद्या कुठून निघाल्या ते दाखवता येईल."

ती सापडेना. दोन उन्हाळे ती दऱ्याखोऱ्यांत हिंडली. आमच्या कपाटातले या फुलाचे चारशे बारा कागद तिनं भिंगाखाली तपासले. सगळ्या माद्या. तिसऱ्या वर्षी तिचे मार्गदर्शक सर म्हणाले, "नर नामशेष झाले असावेत असं लिही आणि आवरतं घे." ती मान खाली घालून त्यांच्या खोलीतून बाहेर आली.

त्या दिवशी मावशींनी ब्रश पाण्यात ठेवला, हात पुसले आणि तिच्या टेबलाशी जाऊन उभ्या राहिल्या. "नर आहेत," त्या म्हणाल्या. "मी चिकटवलेत."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी रस्त्याच्या एका इंजिनिअरनं पाठवलेलं रोप त्यांच्याकडे चिकटवायला आलं होतं. पानं याच फुलाची, पण फुलं बसकी, आणि बोट लागलं की पिवळी भुकटी सांडायची. ती भुकटी त्यांनी पुडीत भरून कागदाच्या कोपऱ्यात चिकटवली. तेव्हाच्या प्रमुखांनी तो कागद दुसऱ्याच जातीच्या गठ्ठ्यात टाकला. मावशींनी भीत भीत सांगितलं, साहेब, हे त्या लोकरी पानवालीचं आहे. ते सगळ्यांसमोर म्हणाले, "तुमचं काम चिकटवायचं. नावं आम्ही ठेवू." तेव्हापासून मावशींनी तोंड उघडलं नव्हतं. एकतीस वर्षं.

इतकी वर्षं मी समोर बसलो होतो.

पण कुठला गठ्ठा, ते त्यांना आठवेना. मधल्या काळात कपाटं दोनदा हलली होती. आम्ही तिघं जेवणाच्या सुट्टीत एकेक खण उपसायला लागलो. धुळीनं माझा दमा उठला. नवव्या दिवशी मावशींनी एक कागद अलगद उचलून मुलीसमोर ठेवला. कोपऱ्यात पुडी होती. मुलीनं ती भिंगाखाली उघडली. आत परागच होता. ती एवढंच म्हणाली, "मावशी, तुम्ही माझ्याबरोबर यायचं."

मावशी नाही म्हणत होत्या. गुडघे, रजा, आणि असं काय काय. भाचीनं त्यांचे बूट आणून दारात ठेवले आणि विषय संपवला.

लेबलवर लिहिलं होतं: दक्षिणेची दरी, चुनखडीच्या कड्याखालचं वळण. बसमधून उतरल्या तर वळणच नाही. तिथे नवा सरळ रस्ता झालेला. मुलगी कठड्यावर बसूनच राहिली. मावशींनी समोरून येणाऱ्या मेंढपाळ बाईला विचारलं, "जुना रस्ता कुठून जायचा?" तो खालून जायचा, आता त्यावर गवत माजलं होतं. दोघी एकमेकींचा हात धरून उतरल्या.

फुलं कड्याच्या सावलीत होती. नरही, माद्याही. मावशींनी इतकी वर्षं ते फूल हाताळलं होतं, पण जिवंत कधी पाहिलं नव्हतं. "गेल्यावर आधी रंग बघितला," त्यांनी मला सांगितलं. "एक गुलाबी, एक पांढरं, एक उंच, एक बुटकं. सख्ख्या बहिणी असतात ना, तोंडवळा तोच पण प्रत्येकीची तऱ्हा वेगळी. तसं." फुलांवर बारीक माश्या घोंघावत होत्या.

पुढे तपासण्या झाल्या. उत्तरेकडच्या बहुतेक माद्या त्या दरीतल्या वस्तीतूनच निघाल्या होत्या, आणि तेही एकदा नव्हे, निदान तीन वेळा. तिच्या प्रबंधाच्या व्हायव्हाच्या वेळी सर म्हणाले, "सुदैवानं सापडलेल्या एका कागदामुळे..."

मुलीनं त्यांना मध्येच थांबवलं. "सुदैवानं नाही सर. मावशींना माहीत होतं. त्यांना कुणी विचारलं नाही."

सर चांगले गृहस्थ आहेत. ते मागे वळले, शेवटच्या रांगेत बसलेल्या मावशींकडे बघून म्हणाले, "खरं आहे. चूक आमची." शोधनिबंध छापून आला तेव्हा लेखकांत मावशींचं नाव आलं. ते नाव मी लेबलाइतक्याच काळजीनं टाइप केलं आणि चार वेळा तपासलं.

निवृत्त झाल्यावर त्यांना एकच हौस उरली होती, उंच डोंगरांवरच्या माद्या बघायची. भाचीनं सुट्टी काढून त्यांना गाडीनं खिंडीपर्यंत नेलं. तिथे नजर जाईल तिथवर तीच फुलं, एका मापाची, एका रंगाची. भाची सांगत होती, आत्यानं वाकून एका फुलाला बोट लावून पाहिलं.

मग म्हणाली, "एकटीनं केलं होय एवढं," आणि तिनं पाणी मागितलं.