दीडवर अडकलेला हात

चंद्रभान पराते यांचा उजवा हात वर जाईनासा झाला, हे त्यांच्याखालोखाल सगळ्यात आधी मला कळलं. त्रेसष्ट सालची गोष्ट. नागपूरच्या गांधीबाग बाजारात भैय्याजींच्या कापडाच्या पेढीवर आम्ही दोघं नोकर. चंद्रभानभाऊ गादीच्या तोंडाशी, गिऱ्हाइकासमोर बसायचे. मी त्यांच्यामागे शेपटाशी बसून उलगडलेल्या कापडाच्या पुन्हा घड्या घालायचो. पाच वर्षं मी नुसत्या घड्या घातल्या.

भाऊ कोष्ट्याच्या घरातले. बाप मागावर बसायचा, त्यामुळे कापडाची नस त्यांना ठाऊक. बसल्या जागेवरून उजवा हात उंच करून असा झटका द्यायचे की नऊवारी लुगडं हवेत पसरून बाईच्या पुढ्यात उतरायचं, आणि काठ बरोबर तिच्याकडे यायचा. मग ती बाई 'पाहू मंग' म्हणत उठून गेली असं क्वचितच व्हायचं. मला त्यांचा हेवा वाटायचा. आत्ताच सांगून टाकतो, कारण पुढे ते लागणार आहे.

उन्हाळ्यात एक दिवस ते वरच्या फळीवरचं कापडाचं ठाण काढायला उठले आणि हात खांद्याच्या रेषेवर अडला. पुन्हा उचलून पाहिला, पुन्हा तिथंच अडला. मग म्हणाले, "महादेव, काढ गा तेवढं ठाण." मी काढलं. दुसऱ्या दिवशीही मीच काढलं. आठवड्याभरात कळलं की सदऱ्याची बाहीसुद्धा मनकर्णावहिनी घालून देतात.

पडले नव्हते, मार लागला नव्हता, ओझं उचललं नव्हतं. मग झालं काय? हे सांगायला सगळी गांधीबाग तयार होती. महाल भागातल्या एका पहेलवानानं राईचं तेल लावून खांदा असा रगडला की भाऊ दोन दिवस कण्हत होते. कुणी म्हणालं वात आहे, कुणी ताईत आणून दिला. वहिनी मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवून शेकत. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत होतं, हात हलवू नका. म्हणून वहिनींनी जुन्या लुगड्याची झोळी करून तो गळ्यात बांधून टाकला. दोन महिन्यांनी झोळी सोडली तर हात जागचा हलेना.

शेवटी धंतोलीत डॉक्टरला दाखवलं. त्यानं फोटो काढला आणि सांगितलं, हाड उत्तम आहे.

"हाड चांगलं आहे, तं मंग बिघडलं काय जी?" भाऊंनी विचारलं.

"खांदा गोठलाय," डॉक्टर म्हणाला.

बाहेर आल्यावर भाऊ रस्त्यातच थांबले. "नागपूरच्या उन्हाळ्यात गोठला? दगड तडकते इथं, आन माहा खांदा गोठला म्हंते!" मला हसू आलं, पण त्यांचा चेहरा पाहून मी ते गिळलं.

डॉक्टरनं मोठ्या सरकारी दवाखान्यातल्या व्यायामाच्या विभागाची चिठ्ठी दिली होती. अनंत चतुर्दशी झाल्यावर आम्ही दोघं गेलो. तिथं औषधाचा वासच नव्हता. भिंतीला चाकं आणि दोऱ्या, कोपऱ्यात वाळूच्या पिशव्या. पोलिओ झालेली एक पोरगी लोखंडी पट्ट्यांचे बूट घालून दोन दांड्यांच्या मधून पाय टाकत होती. अर्ध्या अंगावरून वारं गेलेले एक मास्तर रबरी चेंडू दाबायचा घाम येईस्तोवर प्रयत्न करत होते. काटोलच्या एका संत्रेवाल्याचं मोडलेलं कोपर गावच्या वैदूनं कामट्या बांधून जुळवलं होतं, पण हात काही सरळ होत नव्हता. तिथं व्यायाम करवून घेणाऱ्या वच्छला बाई एवढ्याशा, पण आवाज फौजदाराचा. त्यांनी भाऊंचा हात वळवून पाहिला.

"हात बांधून कुणी ठेवायला सांगितला?"

"दुखते म्हणून बांधला जी."

"बांधला म्हणून जास्त आखडला. आता हलवायचा. भिंतीसमोर उभं राहायचं आणि दोन बोटं मुंगीसारखी चढवत न्यायची, दिवसातून तीनदा. दुखेल, पण सोडायचं नाही. आज बोटं कुठवर पोचतात ते जमिनीपासून मोजून लिहून ठेवा. दिवाळी झाली की पुन्हा मोजा आणि मला दाखवा. मध्ये मोजत बसू नका, उगाच वैतागाल."

ना बाटली, ना सुई. परतताना भाऊ म्हणाले, "दुखण्याले दुखवून बरं करते म्हंते. महादेव, आपुन दवाखान्यातच गेलतो ना गा?"

माझ्याही डोक्यात काही शिरत नव्हतं. कालपर्यंत हलवू नका, आजपासून हलवा. खरं कुणाचं धरायचं? तरी घरी जाऊन भाऊंनी बोटं चढवली. खांद्याच्या जरा वर ती थांबली. तिथं कोळशानं रेघ मारली, कोपऱ्यातला लोखंडी गज घेतला आणि मोजलं. दीड. वहीत आकडा लिहिला: दीड.

या गजाचं सांगायला हवं. त्या सुमारास सरकारनं मीटर आणला होता आणि पेढीवरचे कापड मोजायचे गज बाद झाले होते. एक गज म्हणजे एक वार, त्याचे सोळा गिरह, यातच भाऊंचा जन्म गेलेला. म्हणून आपला जुना गज त्यांनी भैय्याजींकडून मागून घरी नेला होता. पेढीवर आता मीटरपट्टी होती. मीटर गजाहून दीड गिरह मोठा, हे आम्ही दिवसातून पन्नास गिऱ्हाइकांना समजावत होतो.

पहिले दहा दिवस बोटं रेघेपर्यंतही धड पोचेनात. मग नवरात्र आलं. घट बसायच्या आधी घर झाडायचं, भिंतींना चुना लावायचा, ही त्यांच्या घरची रीत. वहिनींनी चुना लावला, त्यात रेघ गेली. अडगळ काढली, त्यात गज भंगारवाल्याच्या हातगाडीवर गेला. भाऊ दोन दिवस जेवले नाहीत, हाताकरता नाही, गजाकरता. नवी रेघ मारायला गेले तर वहिनींनी हात धरला. "दिवाळीवरी भिंतीले कोळशाचं कायं लावाचं नाई." मग भाऊ कोऱ्या भिंतीवर बोटं चढवत राहिले. दुखायचं तेवढंच दुखत होतं.

इकडे भैय्याजींनी मुदत घातली. "देखो चंद्रभान, तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होईल. तवरीक हाताले गुण दिसला तं गादी तुझीच. नाई तं महादेव बसंल, तू गोदामात ठाणं सांभाळ." मी त्या वेळी मान खाली घालून घडी घालत होतो. ती घडी मला पुन्हा घालावी लागली.

दिवाळी झाली. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी भाऊ पेढीवरून एक मीटरपट्टी मागून घेऊन गेले. दुसऱ्या सकाळी आले ते सरळ गोदामाकडे वळले. मी मागे गेलो.

"काय झालं भाऊ?"

"दीड," ते म्हणाले. "तवाबी दीड, आताबी दीड. एवढं दुखवून घेतलं, तसूभर नाई सरकला. त्या बाईले आता काय तोंड दाखवू? भैय्याजीले सांगून देतो, महादेवले बसवा."

मला खूप वाईट वाटलं आणि थोडा आनंदही झाला. दोन्ही एकदम कसं होतं, हे मला आजही कळत नाही.

त्याच दुपारी मी भाऊंच्या जागेवर बसलो होतो. रामटेककडची एक बाई चोळीचं कापड घ्यायला आली. "पयले दीड वारात पुरे, आता दीड घेतलं तं उरते. काहून वं असं?" असं तिनं सोबतच्या बाईलाच विचारलं. मी सवयीनं बोलून गेलो, "बाई, दीड वार अन् दीड मीटर एक नसते, मीटर मोठा..." आणि तिथंच माझी जीभ अडखळली. हातात मीटरपट्टी होती. मी त्या पट्टीकडे पाहतच राहिलो. बाई म्हणाली, "काय झालं भाऊ, फाडा ना कापड!"

त्या दिवशी मी काही बोललो नाही. उद्या सांगू, नीट हिशोब करून सांगू, असं मनाला म्हटलं. दुसऱ्या दिवशीही बोललो नाही. गादीच्या तोंडाशी बसलं की रस्ता दिसतो, येणारीजाणारी माणसं नमस्कार करतात. पाच वर्षांत मला कुणी नमस्कार केला नव्हता. मला भाऊंचं वाईट चिंतायचं नव्हतं, मला फक्त तिथं बसायचं होतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, असं मी स्वतःला सांगत होतो, आणि सांगताना माझी मलाच शिसारी येत होती.

तिसऱ्या दिवशी भाऊ कामावर आले नाहीत. संध्याकाळी सायकल काढून त्यांच्या घरी गेलो. तलावाच्या अलीकडे सक्करदऱ्यात त्यांची दोन खोल्यांची जागा. भाऊ पांढऱ्या भिंतीला पाठ लावून बसले होते आणि उजवा हात पुन्हा लुगड्याच्या झोळीत बांधलेला होता. वहिनी म्हणाल्या, "मीच बांधला भाऊजी. दुखून राहिला, तं उगा कायले छळाचं त्याले."

ती झोळी पाहिली आणि मला राहवेना. गादी एक वेळ जाऊ दे, पण हा हात पुन्हा गोठणार होता, आणि तो माझ्यामुळे.

"भाऊ, पयले मोजलं तवा काय होतं हाती?"

"गज. काहून?"

"अन् आता?"

ते बोलणार तोच थांबले. ओठ हलू लागले. आयुष्यभर कापड मोजलेला माणूस, त्याला वही लागत नव्हती. "दीड गज म्हंजे चोवीस गिरह... दीड मीटर म्हंजे सव्वीस... सवासव्वीस..." मग एकदम ओरडले, "मनकर्णा! सव्वादोन गिरह वर गेला वं हात! पाच इंच!" तोंडानं झोळीची गाठ ओढत ते उठले, भिंतीशी गेले, बोटं चढवली. वहिनींनी स्वतः चुलीतला कोळसा आणून दिला आणि पांढऱ्या भिंतीवर रेघ मारायला लावली.

मग भाऊ माझ्याकडे वळले. "कवा आलं गा तुह्या ध्यानात?"

"आत्ताच," मी म्हणालो.

मी त्यांच्याहून उंच. सहा महिने ज्या हाताला सदऱ्याची बाही सापडत नव्हती, तो हात त्यांनी दुखत दुखत वर आणला आणि माझ्या खांद्यावर ठेवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी खाली पाहिलं.

दुसऱ्या दिवशी भैय्याजींनी गुण पाहिला आणि गादी भाऊंकडेच राहिली. सराईभर मी मागे उभा राहून त्यांना वरची ठाणं काढून दिली. होळीपर्यंत ती ते स्वतःच काढू लागले.

आज या गोष्टीला वीस वर्षं झाली. भाऊ थकले, तोंडाशी आता मी बसतो. ते अधूनमधून पेढीवर येतात आणि भेटेल त्याला तीच गोष्ट सांगतात, "ह्या महादेवच्या ध्यानात आलं, तसा धावतच आला गा माह्या घरी." मी घड्या घालत ऐकतो. गांधीबागेपासून त्यांचं घर सायकलनं वीस मिनिटांवर आहे. मला दोन दिवस लागले होते.