पाच घरांचं पीठ

लेक गुलबर्ग्याच्या तुरुंगातून सुटून दुबलगुंडीला आला, तेव्हा मला वाटलं, आता सगळं मार्गी लागेल. तसं झालं नाही. जहागिरीच्या कुरणात आमची मेंढरं शिरली होती, राखणदाराशी झटापट झाली होती, म्हणून नीट मिसरूडही न फुटलेल्या माझ्या पोराला आत टाकलं होतं. परतला तो खोकला आणि घोट्यांवर बेड्यांच्या चिघळलेल्या जखमा घेऊन.

पण मला आतून खात होतं ते वेगळंच. तो प्रत्येक गोष्टीला परवानगी विचारी. "माय, उठू का? माय, पाणी पिऊ का?" मी हो म्हणेपर्यंत घागरीजवळ उकिडवा बसून राही. स्वतःहून काही मागत नसे. पूर्वी हाच पोरगा भाकरीसाठी ओरडतच घरात शिरायचा आणि मी त्याच्यावर खेकसायची. ते ओरडणं पुन्हा ऐकायला माझे कान आसुसले होते.

आम्हा धनगरांच्या देवाशी, मैलारच्या मल्लण्णाशी मी रोज भांडायची. तुझीच मेंढरं राखणारा तो, मग त्याच्याच वाट्याला हे का? शेवटी नवस बोलले. रविवारी देवाच्या नावाने पाच घरी पीठ मागेन, त्याची भाकरी पोराला घालीन. आमच्यात ही रीत जुनी आहे. देवाच्या नावाने मागणाऱ्याला कुणी रिकामं पाठवत नाही. मलाही पीठ मिळालं. पण शेजारच्या अक्काने पदरात पीठ घालता घालता हळूच सांगितलं, "पीठ ने बाई, पण त्येला आमच्या पोरांत पाठवू नको." मल्लण्णा, हे कसलं रे तुझं देणं, असं पुटपुटत मी घरी आले.

पोरगा दारात उभा होता. त्याचे दोन्ही घोटे हळदीच्या भंडाऱ्याने पिवळे झाले होते. हळूहळू त्याने सांगितलं. देवाला वाहिलेला एक म्हातारा वाघ्या दाराशी येऊन पीठ मागत होता. "मी म्हणलं, माय घरी न्हाई. तर म्हणला, मायला न्हाई, तुला मागायलोय." विचारायला घरात कुणीच नव्हतं. पोरगा उठला आणि मडक्यातलं होतं नव्हतं ते पीठ त्याच्या झोळीत घालून आला. म्हाताऱ्याने खाली बसून त्याच्या जखमांना भंडारा लावला आणि वाट धरली.

मी वेशीपर्यंत धावले. असा वाघ्या गावात कुणी पाहिलाच नव्हता. तो कोण, हे मी पुन्हा शोधलं नाही.

घरी परतले तर लेक चुलीपाशी बसलेला. म्हणाला, "माय, भूक लागलीय. भाकर दे." मी पदरातलं पीठ मळायला घेतलं आणि रडू लागले. ज्या घरांना तो नकोसा होता, त्यांच्याच पिठाच्या भाकरी त्याने पोटभर खाल्ल्या.

जखमा भरल्या, खोकला उतरला. लोकांची मनं मात्र सावकाश वळली. पुढे अक्कानेच आपली मेंढरं त्याच्या हवाली केली.

यंदा दिवाळी झाली आणि एके सकाळी उठून बघते तर त्याचं अंथरूण रिकामं. मेंढरं घेऊन तो दूर चराईला निघून गेला होता, मला एका शब्दानेही न विचारता. अजून आलेला नाही. वाटेकडे बघून डोळे शिणतात. देवा, त्याला लवकर आण, असं ओठांवर येतं आणि मी गप्प बसते. तो आता तुझ्या हवाली आहे, मल्लण्णा. माझा लेक न विचारता घराबाहेर पडला, तेवढं मला पुष्कळ झालं.