सहा गुडघे, तीन सायकली

साठी उलटलेली तीन माणसं रोज सकाळी सायकली घेऊन बाहेर पडू लागली, की किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते आपोआप साचतात, गुडघ्यात पाणी साचतं तसे. घरी सांगायची सोय नसते. घरचे हसत नाहीत, लगेच डॉक्टरकडे नंबर लावतात. म्हणून तुम्हाला सांगतो.

आम्ही लातूरचे. मी रिटायर्ड गणिताचा मास्तर, मला दोघंही 'सर' म्हणतात. माणिकराव मुरुडकडचे, शेती मुलांवर सोपवून शहरात राहायला आलेले. आणि शिवलिंगअप्पा, भांड्यांचे व्यापारी, वय अडुसष्ट, आमचे पुढारी. अप्पांच्या पत्नी तीन वर्षांपूर्वी गेल्या. तेव्हापासून दुकानामागच्या दोन खोल्यांत ते एकटेच. मुलगी शोभा नांदेडला दिलेली. तिनं वडिलांना स्पष्ट सांगून ठेवलं होतं, "अप्पा, सायकल चालतीय तोवर राहा इथं. थांबली की मी न्यायला येणार, मग ऐकणार न्हाई."

अप्पांचा डावा गुडघा तेव्हाच कुरकुरत होता. गुडघा गेला की लातूर सुटणार, हे त्यांना पक्कं माहीत होतं. आम्हालाही.

*

आमच्यात एक नियम आहे. तो अप्पांनीच घातला. "ज्याचा गुडघा दुखंल त्यानं पुढं व्हायचं. बाकीच्यांनी त्याच्या मागं, त्याच्याच चालीनं. ओव्हरटेक कुणी करायचा न्हाई."

नियम उत्तम. दोन वर्षांत तो एकदाही वापरला गेला नाही. पुढं व्हायचं म्हणजे भर रस्त्यात कबुली द्यायची. त्यापेक्षा आम्ही दुसरी सोय काढली. कळ आली की उतरायचं, "चेन पडली" म्हणायचं, आणि खाली वाकून धडधाकट चेनीला दोन मिनिटं हात लावत बसायचं. बाकीचे दोघं आभाळाकडे बघत उभे राहायचे. बोटं काळी झाली की पुन्हा निघायचं.

एकदा अप्पांच्या मनात आलं, खरंच बघावं. तिन्ही सायकली चौकातल्या सलीमभाईकडे नेल्या. "रोज चेन पडतीय, बघा जरा." सलीमभाईंनी तिन्ही चाकं फिरवली, तिन्ही चेनी बोटानं दाबल्या, मग आम्हा तिघांकडे एकेक करून बघितलं.

"चेन में कुछ नै है अप्पा," ते म्हणाले. "आप लोगां नी-कॅप घालो."

*

माणिकरावांची सीट इतकी खाली, की बसल्या जागी दोन्ही तळवे जमिनीला टेकायचे. फिजिओथेरपीवाल्या मॅडमनी बजावलं होतं की सीट वर घ्या, पाय खाली गेल्यावर जवळजवळ सरळ व्हायला हवा, तुम्ही गुडघा दुमडून जोर लावताय. माणिकराव ऐकेनात. लहानपणी सायकलला दुधाच्या कॅनी अडकवून ते मुरुडच्या बाजाराला जायचे. "कॅनी कलंडल्या तर दूध मातीत. दोन्ही पाय टेकलेच पाह्यजेत," असं वडिलांनी शिकवलेलं. कॅनी जाऊन चाळीस वर्षं झाली, पाय टेकायचे राहिले नाहीत.

मग अप्पांनी आणि मी कट केला. दर रविवारी माणिकराव टपरीवर चहा आणायला गेले, की पाना काढायचा आणि सीट बोटभर वर घ्यायची. चौथ्या रविवारी माणिकराव म्हणाले, गुडघा हलका झाला. देवणीहून आणलेल्या तेलाचा गुण म्हणे. आम्हाला दोघांना एकेक बाटली दिली. आम्ही ती घेतली. काय करणार?

पाचव्या रविवारी मुरुड रोडला एक म्हैस आडवी आली. माणिकरावांनी ब्रेक दाबला आणि सवयीनं दोन्ही पाय खाली सोडले. जमीन लागलीच नाही. ते उजवीकडे कलंडले, थेट रस्त्याच्या मधोमध, आणि मागून उसाचा ट्रॅक्टर येत होता. ड्रायव्हरनं ब्रेक मारला, पुढचं चाक माणिकरावांच्या टोपीपासून चार हातांवर थांबलं.

अप्पांचा चेहरा पांढराफटक पडला होता. माणिकराव उठले, धूळ झटकली, रस्त्याकडे नीट निरखून बघितलं आणि म्हणाले, "सर, रस्ता खचलाय हितं."

तीन दिवसांनी मी जाऊन खरं सांगितलं. त्याशिवाय झोप लागेना. ते आठवडाभर बोलले नाहीत. पुढच्या रविवारी आले ते उंच सीटवरच. "गुडघा बरा हाय म्हणून ठिवलीय," म्हणाले. "तुमच्यासाठी न्हाई."

*

माझं आता. माझ्या घरचा कायदा असा होता की एकदा जरी लंगडत घरी आलात तर सायकल भंगारात. म्हणून मी गल्लीच्या तोंडाशी उतरायचो आणि चार पावलं सरळ चालायची प्रॅक्टिस करूनच फाटक उघडायचो. सूज उतरायला गार शेक हवा, तर फ्रीझरमधलं मटारचं पाकीट फडक्यात गुंडाळून गुडघ्यावर ठेवायचो. बायको, सुमन, देवळातून यायच्या आत पाकीट परत जागेवर.

पंधरा दिवस बिनबोभाट गेले. मग एका रविवारी ताटात मटारभात. मी घास घेतला आणि तो तोंडातच राहिला.

"मटार चपटेच निघाले सगळे," सुमन म्हणाली. "कुणी बसलं होतं की काय त्यांच्यावर?"

मी भात संपवला. दुसरा वाढून घेतला. संशय नको.

दुसऱ्या दिवशी फ्रीझर उघडला तर दोन पाकिटं. एक कोरं, दुसऱ्यावर चिठ्ठी चिकटवलेली. सुमनच्या अक्षरात लिहिलं होतं, 'गुडघा'. सायकल भंगारात गेली नाही. त्या दिवशी मला तिच्याबद्दल जे वाटलं ते तिला अजून सांगितलेलं नाही.

*

हाडाच्या डॉक्टरांनी अप्पांचा एक्स-रे उजेडात धरला आणि सांगितलं, सांधा बदलावा लागेल.

"बदलू की," अप्पा म्हणाले. "आधी नांदेडला जाऊन येतो."

"जा. कशानं जाणार?"

"सायकलनं."

डॉक्टरांनी फाईल मिटली. माणिकरावांनी आणि मी दोन दिवस समजावलं. अप्पांचं एकच उत्तर. "पोरीच्या दारात सायकलवरून उतरलो की तिचं तोंड बंद. मग ऑपरेशन करू, मग हितंच राहू." तुम्ही न्हाई आलात तर एकटा जातो म्हणाले. मग काय, गेलो.

अहमदपूरपर्यंत ठीक होतं. पुढं अप्पांची चेन पडू लागली. आधी तासाला एकदा, मग दर दोन-तीन किलोमीटरला. लोह्याच्या अलीकडे ते थांबले आणि उतरेनात. पाय दुमडेना, सरळही होईना. आम्ही दोघांनी काखेत धरून त्यांना उचलून बाजूला घेतलं. कपाळावर घाम, ओठ दाबलेले. मी आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो.

"शोभाला सांगू नका," एवढंच म्हणाले.

हळदीचा एक टेम्पो थांबवला. सायकली वर चढवल्या, पोत्यांना टेकून तिघं बसलो. शोभाचं घर चार गल्ल्यांवर आलं तसे अप्पा हट्टानं उतरले आणि सीटवर बसवा म्हणाले. बसवलं. एका पायानं पेडल मारत ते निघाले. शोभा फाटकातच उभी. अप्पा घंटी वाजवत तिच्यासमोरून गेले, वळले, परत आले, पुन्हा वळले. उतरता येत नव्हतं म्हणून फिरत होते. तिसऱ्या फेरीला तिनं हँडल धरलं.

तिनं वडिलांच्या पाठीवरून हात फिरवला, तळहात बघितला. मग आमच्या पाठी बघितल्या. तिघांच्याही पिवळ्याधमक.

"काका," ती मला म्हणाली, "कुठून बसलात टेम्पोत?"

*

ऑपरेशन लातूरलाच झालं आणि चांगलं झालं. अप्पा मात्र चालेनात. डॉक्टर म्हणाले, आत्ता दुखतंय म्हणून बसून राहिलात तर सांधा आखडेल, मग कायमचं बसाल. तरी अप्पा खोलीतल्या खोलीत चार पावलं टाकायचे आणि खुर्चीत बसायचे. पडलो तर, ही भीती. तसं बोलून दाखवत नव्हते, पण वॉकर दिसला की तोंड फिरवायचे.

शोभा सोबतीला येऊन राहिली होती. महिना भरत आला तसं तिनं सांगून टाकलं. "रविवारी सकाळी चहाच्या टपरीपर्यंत चालत जाऊन दाखवा, मी एकटी परत जाते. न्हाई जमलं तर तुमची पण बॅग भरलेली हाय."

टपरी दुकानापासून दोनशे पावलं. रविवारी आम्ही सायकली घेऊन गेलो, तर दारात खरंच दोन बॅगा. बराच वेळ कुणी बाहेर येईना. माणिकरावांनी दोनदा घंटी वाजवली. मग वॉकरचा आवाज आला. अप्पा पायरी उतरले, रस्त्यावर आले, आमच्याकडे बघितलं नाही. पुढं झाले.

आम्ही सायकली हातात धरून मागं लागलो. त्यांच्या चालीनं. सायकल इतक्या हळू नेणं फार अवघड असतं. मागून रिक्षावाला हॉर्न देऊ लागला, मी हात आडवा केला.

शंभरेक पावलांवर अप्पा थांबले. दोन्ही हात वॉकरवर आवळलेले, मान खाली. दुकानाच्या पायरीवरून शोभा बघत होती. तिनं एक पाऊल खाली टाकलं.

"थांबा," अप्पा म्हणाले. "चेन पडली."

माणिकरावांनी सायकल स्टँडवर लावली. पुढं गेले, कण्हत एक गुडघा जमिनीला टेकून वॉकरपाशी बसले, आणि त्याच्या पायाला दोन मिनिटं हात लावत राहिले. मी आभाळाकडे बघितलं.

मग माणिकराव उठले आणि बोटं पँटला पुसली.

"बसली, अप्पा. चला."