दोन हंड्यांचा झिरा

मोखाड्याच्या डोंगरातल्या त्या पाड्यावर कुणी नागलीचं पीठ मागो की मीठ-मिरची, फागीच्या तोंडून कधी ‘नाही’ निघालं नाही. पाण्याचं तेवढं सोडून. उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसू लागला की ती एकटीच कड्याखालच्या उंबराकडे जायची. तिथल्या कपारीत एक झिरा होता, दिवसाला जेमतेम दोन हंडे देणारा. पाणी घेतलं की वर दगड, दगडावर पाला. पंधरा वर्षं तिनं कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. दुष्ट नव्हती हो ती, भित्री होती. दोन हंड्यांत बावीस घरं कशी भागणार, एवढंच तिच्या डोक्यात.

शेजारची रंगू सात महिन्यांची पोटुशी. एप्रिलात एकदा तिनं विचारलंच, "काकी, तुजा पानी येवढा निवल कसा?"

"टँकरचाच गं," फागी म्हणाली.

चार दिवसांनी विहिरीच्या पायरीवरून रंगूचा पाय घसरला. जव्हारच्या दवाखान्यात तिचं मूल मेलेलंच जन्मलं.

फागी बाटलीत झिऱ्याचं पाणी घेऊन एसटीनं जव्हारला गेली. रंगूला ती घोट घोट पाजत होती, तेव्हा एक ख्रिस्ती नर्सबाई जवळ थांबल्या. कौतुकानं म्हणाल्या, "आजी, आमच्या शास्त्रात सांगितलंय, जो दुसऱ्याला पाजतो त्याला देव तहानलेला ठेवत नाही." फागीला त्यापेक्षा शिवी परवडली असती. नर्सबाई पुढं गेल्या आणि फागीनं रंगूला सगळं सांगून टाकलं.

रंगूनं तोंड भिंतीकडं वळवलं. "येक हंडा दिला असतास तरी मी ते विहिरीव नसती गेली, काकी."

दुसऱ्या दिवशी फागीनं साऱ्या बायकांना उंबराखाली नेलं. त्यांनी पहारीनं कपार मोकळी केली, वर्षानुवर्षांचा गाळ घमेल्यांनी उपसला. गढूळ पाणी हळूहळू निवळलं, करंगळीएवढी धार लागली आणि ती काही थांबेना. संध्याकाळपर्यंत बावीसही घरांचं पाणी भरून होत आलं. बायका हसत होत्या, एकमेकींच्या अंगावर पाणी उडवत होत्या.

सगळ्यांत शेवटी रंगूची सासू आली. फागीनं तिचा हंडा स्वतः भरला, तिच्या डोक्यावर चढवला आणि मटकन खाली बसली.

"सगल्यांना पुरला असता गं," ती रडत म्हणाली. "मी कदी उपसूनच नाय बगितला."