नॉर्मल म्हणून माझंच रक्त

आमच्या प्रयोगशाळेत एक रीत आहे. रक्ततपासणीचं नवीन किट आलं की बाहेरच्या बायकांचं रक्त त्याला लगेच दाखवायचं नाही. ते रक्त मोलाचं असतं. त्यासाठी गावोगाव हिंडावं लागतं, सासवांची समजूत काढावी लागते, सुई बघून उठून गेलेलीला परत बोलावून आणावं लागतं. म्हणून आधी आपलंच रक्त काढायचं, नळीवर ‘नॉर्मल’ असं लिहायचं आणि किट नीट चालतंय का ते बघायचं. घरात नवा कुकर आणला की पहिल्यांदा नुसता भात लावून बघतात, तसलाच प्रकार. नांदेडला संशोधनाला लागल्यापासून मी कैकदा अशी बाही वर सारली आहे. आपलं रक्त फुकट असतं, आणि आपण नॉर्मल आहोत याची प्रत्येकाला खात्रीही असते.

माझा विषय स्त्रीबीज. बाईच्या अंडाशयात बारीक बारीक पुटिका असतात आणि त्यांतून एक हार्मोन रक्तात उतरतं. ते भरपूर असेल तर बीजांचा साठा भरपूर, कमी असेल तर कमी, असा ढोबळ हिशोब. साठा म्हणायचं कारण असं की, बाई जन्माला येते तीच आपली सगळी बीजं सोबत घेऊन. पुढे नवीन काही भरलं जात नाही. कणगी एकदाच भरलेली, नंतर फक्त काढत राहायचं.

हे सासूबाईंना सांगताना मोठी पंचाईत झाली होती. आम्ही लिंगायत. लातूरच्या आमच्या घरात अंडं हा शब्दसुद्धा स्वयंपाकघरात आणायची सोय नाही, मग अंडाशय कुठून आणणार? मी आपलं बी-बियाणं म्हटलं. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, तूर-सोयाबीनची अडत असलेल्या घराला ते ताबडतोब कळलं.

“म्हंजे लोकाच्या बायांचं बी मोजायलीस,” सासूबाई म्हणाल्या, “अन् आपली पेरणी कवा?”

“प्रबंध झाला की, आई.”

प्रबंध झाला की. लग्न झाल्यापासून मी हेच उत्तर देत होते आणि नवराही मान डोलवत होता. तो लातुरात दुकान बघणार, मी नांदेडला खोली घेऊन राहणार, शनिवारी बसने जायचं, सोमवारी पहाटे परतायचं. लोहा, अहमदपूर, चाकूर हे आमच्या संसारातले थांबे. बसमध्ये बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हा नवरा म्हणाला होता, सरकारला आपली दया आली.

नांदेडच्या खोलीत मी एकटी. एका माणसाचा भात लावणं किती अवघड असतं ते एकट्या माणसालाच ठाऊक. कितीही बेतानं तांदूळ घेतले तरी भात उरतो. उरलेल्या भाताला दुसऱ्या दिवशी फोडणी देताना मला कधी कधी उगाचच रडू यायचं आणि मग स्वतःचा रागही यायचा. मी तशी रागीट आहे. पण ज्याच्यावर काढायचा तो माणूस लातुरात, त्यामुळे पुष्कळसा राग वायाच जायचा.

पुस्तकांत जी ‘नॉर्मल’ची रेघ छापलेली असते ती कुठल्या तरी लांबच्या बायकांच्या रक्तावरून आखलेली. आमच्या इकडच्या, उन्हात सोयाबीन काढणाऱ्या, तेराव्या-चौदाव्या वर्षापासून घर ओढणाऱ्या बायकांचं नॉर्मल काय, हे आम्हाला शोधायचं होतं. म्हणून मी कंधार तालुक्यात फिरत होते. एका गावी शाळेच्या व्हरांड्यात बसून रक्त घेत असताना एका बाईनं हात पुढे केला. लग्नाला बरीच वर्षं झालेली, मूल नाही. सुई आत गेली तरी तिनं तोंड फिरवलं नाही, माझ्याकडेच बघत राहिली.

“तुमाला किती लेकरं, म्याडम?”

“नाहीत अजून.”

“हाव का,” ती म्हणाली. कापूस दाबून धरून उठताना तिनं विचारलं, “याच्यात कमी आलं तर व्हतच न्हाई का?”

मी सगळ्यांना सांगायचे तेच तिलाही सांगितलं. हा आकडा साठा सांगतो, नशीब सांगत नाही. साठा कमी असलेल्या बायकांनाही मुलं होतात. हे अगदी खरं आहे. मी ते इतक्या वेळा सांगितलं होतं की बोलताना माझं लक्ष पुढच्या नळीकडे असायचं.

त्यानंतर नवं किट आलं. आमच्याकडे या हार्मोनचं ते पहिलंच, तोवरची सगळी दुसऱ्या हार्मोन्सची. रीतीप्रमाणे मी माझं रक्त काढलं, किटला लावलं, आणि माझ्या नळीचा आकडा फारच खाली आला. माझ्या वयाच्या बाईचा इतका खाली येतच नाही. मी किटला शिव्या घातल्या. उन्हात गाडीत पडून राहिलं असणार, म्हटलं. पुन्हा लावलं, तोच आकडा. मग मी पाण्याला दोष दिला, पिपेटला दिला. कंपनीच्या माणसाला फोन करून असं काही झोडपलं की तो बिचारा ‘ताई, बदलून देतो’ म्हणत सुटला. नाचता येईना अंगण वाकडं, हे मी दुसऱ्यांना नेहमी ऐकवते.

खरं तर किटसोबत तपासणीच्या दोन नळ्या येतात. त्यांचे आकडे कंपनीनं आधीच सांगितलेले असतात, ते जुळले की किट चांगलं. ते दोन्ही वेळा बरोबर जुळले होते. समोर दिसत होते. मला ते दिसले नाहीत असं मी म्हणणार नाही. मी त्यांच्याकडे बघितलं आणि पुन्हा फोन उचलला.

आमच्या मार्गदर्शक बाईंनी कागद हातात घेतला, एक नजर टाकली आणि म्हणाल्या, “किट उत्तम आहे. हा नमुना कुणाचा?”

“माझा.”

त्यांनी चष्मा काढला. “बस जरा,” म्हणाल्या. कामाचं बोलताना त्या कधी कुणाला बसायला सांगत नाहीत. पुढे त्या जे बोलल्या ते सगळं मला पाठ होतं. आकडा साठा सांगतो, नशीब सांगत नाही. सोनोग्राफी करून घे. आता लांबवू नकोस. मी मान हलवत होते, आणि माझंच वाक्य आतून किती पोकळ आहे ते मला ऐकू येत होतं. खरं असूनही पोकळ. मला प्रचंड भीती वाटली. इतकी वर्षं मी प्रबंध झाला की म्हणत होते आणि कणगी माझ्या पाठीमागे रिकामी होत चालली होती.

सोनोग्राफीतही तेच दिसलं. शनिवारी मी लातूरला गेले ते सांगायचंच असं ठरवून. पण आमच्या घरात दोघांनी बोलायला जागा नाही. दार लावलं की बाहेर चौकशी सुरू, काय झालं, बरं वाटत नाही का. म्हणून रविवारी मोंढा बंद असताना दुकान झाडायचं निमित्त काढून आम्ही दोघं दुकानात गेलो. अर्धं शटर खाली ओढलं. पोत्यांवर बसून मी सगळं सांगितलं.

त्यानं नीट ऐकून घेतलं. मग अडतवाल्याचा प्रश्न विचारला. “काटा तपासून घेतलीस का?”

“काटा बरोबर आहे,” मी म्हटलं. “मालच कमी आहे.”

तो रिकामी पोती एकावर एक रचायला लागला. ती आधीच रचलेली होती. थोड्या वेळानं म्हणाला, “मग मूल हुणारच न्हाई का?”

“होऊ शकतं. एक बीज पुरतं. पण थांबता येणार नाही, आणि थांबलो नाही तरी होईलच असं नाही.”

“बघू. जे करायचं ते करू. डॉक्टरकडं जाऊ.” तो चांगला माणूस आहे, माझ्या हातावर हात ठेवून बोलला. “पण आईला सध्या सांगू नको. तिच्या पोटात काही राहत न्हाई. उद्या मोंढ्यापर्यंत जाईल. तुलाच तरास.”

त्याचं म्हणणं चूक नव्हतं. सासूबाई वाईट नाहीत, पण त्यांनी सांगितलं असतं बहिणीला, बहिणीनं औसा गावच्या आपल्या जावेला, आणि प्रत्येकीकडून एकेक व्रत आणि एकेक काढा माझ्याकडे आला असता. तरी ते वाक्य मला लागलं. तो घरी, आईजवळ, गिऱ्हाइकांत राहणार होता, आणि हे पोटात ठेवून खोलीत एकटी मी. मी सोमवारी पहाटे निघाले तेव्हा सासूबाईंनी धपाटे आणि शेंगाची चटणी बांधून दिली आणि नेहमीचं बोलल्या, “आता मनावर घ्या बाबा.” मी हो म्हटलं. अहमदपूरला बस थांबली, सगळे चहाला उतरले. मी धपाट्यांची पिशवी मांडीवर धरून एकटीच बसून राहिले. इतकं एकटं मला नांदेडच्या खोलीतही कधी वाटलं नव्हतं.

मग बायकांचे निकाल द्यायची वेळ आली. ज्यांना गावी नको होते त्यांना आम्ही नांदेडला बोलावलं होतं. कंधारकडची ती बाई आली. प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर बसली होती, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला. तिचाही आकडा कमी होता. मी शेजारी बसले आणि सांगितलं. मोठ्या दवाखान्यासाठी चिठ्ठी दिली, कुठल्या दिवशी कुणाला भेटायचं ते समजावलं. ते नेहमीचं वाक्य मात्र ओठांवर येऊन थांबलं.

तिनं माझ्याकडे शाळेच्या व्हरांड्यात बघितलं होतं तसंच बघितलं.

“तुमी केलाव का तुमचं?”

“केलं.”

“मग?”

“कमीच आहे.”

आतापर्यंत मी हे फक्त अर्ध्या ओढलेल्या शटरच्या आत बोलले होते. इथे ऊन होतं, माणसं येत-जात होती, आणि शब्द सहज निघाला.

“घरी म्हाईत हाय?”

“नवऱ्याला. सासूबाईंना नाही.”

“माज्या घरी कुनालाच न्हाई,” ती म्हणाली. “डोळे दाखवाया चालले म्हनून आले. सासू म्हनली, दिसतंय की चांगलं. म्या म्हनलं, सुई ववता येईना.” मग ती थोडी घुटमळली. “म्याडम, एक काम करताव का? डोळ्यात टाकायची बाटली घेऊन द्या की. रिकाम्या हातानं गेले तर इचारतील.”

आम्ही रस्ता ओलांडून समोरच्या मेडिकलवर गेलो. मी डोळे ओले ठेवायचं साधं औषध मागितलं, ज्यानं कुणाचं काही बिघडत नाही. बाटली हातात आल्यावर तिनं तिथेच झाकण उघडलं. कोरी बाटली नेली तर सासूला पटणार नाही, म्हणाली. मान मागे टाकून तिनं दोन्ही डोळ्यांत थेंब सोडले, पदरानं टिपले आणि बाटली माझ्यापुढे धरली.

“टाका तुमी बी. लाल झालेत.”

मी मान वर केली. तिनं माझी हनुवटी धरली आणि थेंब सोडले. औषध गेलं की डोळ्यांतून पाणी येतंच, त्यामुळे मी बराच वेळ तशीच उभी राहिले तरी मेडिकलवाल्यानं मला काही विचारलं नाही.