चव गेल्यावर

तापातून उठल्यावर काकूंच्या जिभेची चव गेली ती गेलीच. डॉक्टरांनीही हात टेकले. घरात कळलं तर स्वयंपाकघर सुनेच्या हाती जाणार, म्हणून काकू रोज रात्री पुस्तकातला नवाच पदार्थ करू लागल्या. नव्या पदार्थाची मूळ चव कोणाला ठाऊक असते? बिघडला तर पुस्तकावर खापर फोडता येई.

"आई, आज पुस्तक पास की नापास?" सून हसून विचारायची.

एकदा काकांनी ताट बाजूला सारलं. "पुरे झाले गं प्रयोग! उद्या तुझ्या हातची बटाट्याची भाजी कर. तशी कोणालाच जमत नाही."

दुसऱ्या दिवशी काकूंनी भाजी परतली आणि चमचाभर तोंडात घेतली. नुसता गरम लगदा जिभेवर फिरत राहिला. मग त्यांनी सुनेला हाक मारली आणि कालथा तिच्या हाती दिला.