छावणीतला अबोला

दुष्काळाच्या एका वर्षी आमच्या सोसायटीनं गेवराई तालुक्यात, गावाबाहेरच्या माळावर जनावरांची चारा छावणी चालवायला घेतली होती. मी सोसायटीचा सचिव. सोबत दोघं जण, एक पाण्याच्या टँकरवरचा आणि दुसरा चारा वाटणारा. हा चारा वाटणारा माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठा होता, आणि त्याच्याबरोबर काम करणं सोपं नव्हतं.

चारा मोजायच्या काट्याला तो कुणाला हात लावू देत नसे. उशिरा आलेल्या शेतकऱ्याला विचारायचा, "कावून रे, म्हशीनं उठवलं न्हाई का सकाळी?" आणि त्याला रांगेत सगळ्यात मागं उभं करायचा. उसाची ट्रॉली उशिरा आली की दोष माझा. पेंड ओली निघाली की तोही माझाच. तरी सुरुवातीला आमचं बरं चाललं होतं. तो मला 'बे' म्हणायचा, मीही त्याला 'बे' म्हणायचो. आमच्याकडं पुरुषांत हे चालतं. त्यात मान नसतो, पण अपमानही नसतो.

मग एके दिवशी त्यानं माझ्याशी बोलणंच बंद केलं. का, ते सांगितलं नाही.

चाऱ्याच्या ढिगाशेजारी चकलांब्याच्या एका शेतकऱ्याचा म्हातारा बैल बांधलेला असे. मी समोर उभा असलो तरी तो त्या बैलाला म्हणायचा, "साहेबाला सांग रे, उसाचे वाढे उद्याच्याला पुरत न्हाईत."

"मला सांग की सरळ," मी म्हणायचो.

"बैला, मी तुझ्याशी बोलतोय. मधी कोण बोलतंय बघ."

रांगेतले लोक हसायचे. एक म्हातारा मला म्हणाला, "साहेब, आता बैलाचा बी पगार चालू करा." पहिले काही दिवस मलाही हसू आलं. मग एकदा वाढे संपल्याचं त्यानं बैलाला सांगितलं तेव्हा मी टँकरपाशी होतो. ट्रॉली मागवायची राहिली आणि संध्याकाळी जनावरं अर्धपोटी राहिली. गायी हंबरत होत्या आणि त्यांचे मालक माझ्याकडं बघत होते. मी तडक चेअरमनकडं गेलो आणि म्हणालो, याला काढा.

"परवा येतो," चेअरमन म्हणाले. "सांगून टाकू त्याला."

परत आल्यावर हे मी टँकरवाल्याला सांगितलं. तो नळी गुंडाळत होता. गुंडाळून झाल्यावर म्हणाला, "काढा की. पण तो कावून बोलत न्हाई, हे तुमाला म्हाईत हाय का?"

"कावून?"

"तुमी त्याला व्याह्यासमोर बे म्हणालात."

मला आठवायलाही वेळ लागला. दोन टोपीवाली माणसं फाटकाशी उभी होती खरी. जनावरं घालायला आली असतील, असं मी धरून चाललो होतो. त्यातला एक त्याच्या लेकीचा सासरा होता. घाटनांदूरकडून नारायणगडाला दर्शनाला निघालेले ते, वाट वाकडी करून याला भेटायला आले होते. सगळी छावणी आपणच बघतो, असं तो त्यांना सांगत होता म्हणे. आणि मी ढिगाजवळून ओरडलो होतो, "इकडं ये बे. आधी हे शेण उचल, गप्पा मग हाण." तो आला आणि त्यानं शेण उचललं. ते उचलताना त्याचा चेहरा कसा होता, हे मी बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्याकडं गेलो. म्हणालो, "ते तुमचे व्याही होते, हे मला माहीत नव्हतं."

तोंडातून 'तुमचे' निघालं. त्यानं ते ऐकलं. पहिल्यांदाच तो बैलाकडं न बघता बोलला.

"माझं काय न्हाई हो. शेण मी रोजच उचलतो. पोरीला आयकावं लागतंय. भाकरी जरा करपली की सासरा म्हणतो, जा तुझ्या बे बापाकडं."

"मी तिथं जाऊन माफी मागतो."

"नका जाऊ. साहेब माफी मागाया आला म्हणल्यावर चार लोकं जमणार. आता घरातच बोलतात, मग पारावर बोलतील." मग काट्याचा दगड बाजूला ठेवत त्यानं विचारलं, "चेअरमन यायलेत म्हणं. मला काढायला?"

"हो. मीच सांगितलं."

"ते बी तिच्या सासरी कळंल," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

चेअरमन आले तेव्हा चाऱ्याची रांग लागलेली होती. खरं कारण सगळ्यांसमोर सांगणं म्हणजे तीच गोष्ट पुन्हा करणं. म्हणून मी एवढंच म्हणालो, "त्यांना ठेवा. ट्रॉली मागवणं माझं काम होतं. चूक माझी हाय."

"परवा म्हणलात काढा, आज म्हणता ठेवा. मग काय तुमाला काढू?"

लोक हसले. तो हसला नाही. पुढं येऊन म्हणाला, "साहेबाची चूक न्हाई. मीच नीट सांगितलं न्हाई."

चेअरमननी आम्हा दोघांकडं बघितलं. "दोघं बी म्हणता आपलंच चुकलं, मग भांडता कावून बे?" म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.

तो छावणी उठेपर्यंत कामावर राहिला. माझ्याशी सरळ बोलू लागला, म्हणजे बहुतेक वेळा तक्रारच करायचा. काट्याला अजूनही हात लावू देत नसे. मी त्याला मामा म्हणायला लागलो. एकदा आम्ही दोघंच पेंडीची पोती उतरवत होतो, तेव्हा तो म्हणाला, "इथं कोण हाय आयकायला? नुसतं नाटक कावून करता?" मी म्हणालो, नाटक नाही. त्यानं पोतं खांद्यावर घेतलं आणि चालू लागला.

त्याची लेक तिकडंच नांदते आहे, एवढं मला ठाऊक आहे. ते टोमणे थांबले का, हे विचारायला माझी जीभ कधी रेटली नाही. तो अधूनमधून बाजारात भेटतो. पाऊसपाण्याचं बोलतो. मीही तेवढंच बोलतो.